पंखा पाचावर, मोबाइल खिशात

वाचकांचे प्रश्न : घरातली वीज

मागच्या अंकात मोबाइलवरून चालणाऱ्या बटणांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि या महिन्याच्या टपालात नुसते पंखेच पंखे आले. दिव्यांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण दिवा एक तर लागतो नाही तर विझतो. पंख्याला एक ते पाच असतात, आणि सगळी भानगड तिथेच आहे. मी मूळची वाइंडिंगवाली. इचलकरंजीत वडिलांच्या दुकानात यंत्रमागाच्या मोटारी आणि उन्हाळ्यात जळालेले पंखे भरता भरता डिप्लोमा केला. आता घरोघरी ऑटोमेशनची कामं घेते. त्यामुळे कुणी ॲपबद्दल विचारलं तरी माझा हात आधी मोटारीकडे जातो. चालवून घ्या.

प्रश्न : ताई, जुना रेग्युलेटर काढून ऑनलाइन मागवलेला वायफाय डिमर बसवला. ॲपमध्ये १ ते १०० टक्के दिसतात. १०० वर पंखा छान फिरतो. ६० च्या खाली घूं घूं आवाज सुरू होतो आणि ३० वर नुसता थरथरतो, फिरतच नाही. दुसऱ्या कंपनीचा डिमर आणला, तरी तेच. पंखा बदलावा लागेल का? (सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक रोड)

पंखा ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. तुम्ही दोन्ही वेळा दिव्याचा डिमर आणलाय.

आपल्या साध्या छताच्या पंख्यात इंडक्शन मोटार असते. मधला स्टेटर स्थिर आणि बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं. आत दोन वाइंडिंग असतात, त्यांपैकी एकाला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) कायमचा जोडलेला असतो. पंखा १६ पोलचा, म्हणजे १६ चुंबकीय ध्रुवांचा, असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३७५ फेऱ्या मारतं आणि पाती त्याच्या थोडी मागे राहून फिरतात. वेग कमी करायचा तर खरं म्हणजे हे ५० हर्ट्झच कमी करायला हवेत, पण ते काम भिंतीवरच्या साध्या रेग्युलेटरचं नाही. तो मोटारीला मिळणारे व्होल्ट कमी करतो. व्होल्ट कमी झाले की मोटारीची ओढ कमी होते, हवेचा विरोध तेवढाच असतो, आणि पाती आणखी मागे पडतात. यालाच आपण पंखा 'दोनवर' आहे म्हणतो.

आता व्होल्ट कमी कसे केले, यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. विजेची प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. ट्रायॅक तिचा सुरुवातीचा भाग अडवतो आणि उरलेलाच पुढे सोडतो, भाकरीची कड मोडून बाकीची पानात वाढावी तसा. जुन्या बल्बच्या तारेला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ती गरम होण्याशी मतलब. मोटारीला मात्र गोल लाट लागते. कापलेल्या लाटेत ५० हर्ट्झबरोबर १५०, २५० हर्ट्झचे उपद्रवी घटकही शिरतात. ते पाती फिरवत नाहीत, स्टेटरच्या पत्र्या थरथरवतात आणि वाइंडिंग तापवतात. तुमचा घूं घूं आवाज तोच. शिवाय मोटारीत करंट व्होल्टच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे ट्रायॅकला नेमक्या क्षणी बंद होता येत नाही आणि तो मध्येच भलत्या वेळी चालू होतो. पंख्यासाठीच बनवलेल्या गोल फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्येही ट्रायॅक असतो, पण त्यात त्यावर उपाय केलेला असतो आणि तो ठरावीक मर्यादेखाली जाऊच शकत नाही. दिव्याच्या डिमरला ही मर्यादा ठाऊक नाही. तो ३० टक्क्यांवरही वीज सोडत राहतो, पंखा फिरत नाही आणि वाइंडिंग मात्र तापत राहतं. असे पंखे माझ्या दुकानात काळपट वाइंडिंग घेऊन येतात.

तुम्हाला हवा तो 'फॅन कंट्रोलर', चार किंवा पाच पायऱ्यांचा आणि आत कंडेन्सर असलेला. कंडेन्सर मोटारीच्या मालिकेत बसतो आणि लाट न कापता व्होल्ट वाटून घेतो. म्हणून पंखा एकवरही शांत फिरतो आणि रेग्युलेटरही तापत नाही. घेताना खोक्यावर 'स्टेप' किंवा 'कपॅसिटिव्ह' लिहिलंय का बघा. ॲपमध्ये १ ते १०० अशी सलग पट्टी दिसली तर संशय घ्या. पायऱ्यांच्या कंट्रोलरला १०० वेग असूच शकत नाहीत. आणि खरं सांगा, ४३ टक्के आणि ४७ टक्के यांत कुणाला काय फरक कळणार आहे?

एक भाग्य मात्र आपलं आहे. आपल्याकडच्या बोर्डात बहुधा एखादा सॉकेट असतोच, म्हणजे न्यूट्रल तिथे येऊन पोचलेला असतो आणि कंट्रोलरला वीज द्यायला वेगळी तार ओढावी लागत नाही. पण जुन्या वाड्यांत आणि चाळींत कुणीतरी कधीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं सापडतं. तिथे बटण बंद असतानाही पंख्याच्या तारेत फेज जिवंत असतो. तेव्हा बोर्ड उघडण्याआधी मेन पाडा, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून मगच त्याच्यावर भरवसा ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी ईएसपी३२ हा छोटा वायफाय बोर्ड, तीन रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारी बटणं) आणि २.२ व ३.३ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर वापरून स्वतः रेग्युलेटर बनवला आहे. चार वेग मिळतात. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना पंख्याला झटका बसू नये म्हणून मी आधी बायपास रिले चालू करून मग कपॅसिटरचे रिले बंद करतो. होम असिस्टंट या सॉफ्टवेअरला जोडलं आहे. पण काही दिवसांनी पंखा चारवर अडकतो. ॲप म्हणतं एक, पंखा मात्र सुसाट. रिले बदलला की पुन्हा काही दिवस ठीक, मग तेच. कोड सोबत जोडला आहे. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

कोड नीट वाचला. कोडात खोट नाही. झटका बसू नये म्हणून तू घेतलेली काळजीच रिले खातेय.

तुझी मांडणी बाजारातल्या चार पायऱ्यांच्या रेग्युलेटरचीच आहे. ५० हर्ट्झला २.२ चा कंडेन्सर साधारण १४५० ओहम अडथळा देतो, ३.३ चा ९६५ आणि दोन्ही समांतर जोडले की ५८० च्या आसपास. चौथ्या वेगाला दोघांना बगल देऊन थेट वीज. इथपर्यंत उत्तम. आता तिसऱ्या वेगावर दोन्ही कंडेन्सर भरलेले असताना तू बायपासचा रिले ओढतोस तेव्हा काय होतं ते कागदावर काढून बघ. एरवी कंडेन्सरचा करंट मोटारीतून जातो आणि वाइंडिंग त्याला एकदम उसळू देत नाही. पण बायपासचा कॉन्टॅक्ट आणि कंडेन्सर यांच्यामध्ये वाइंडिंग नाही, वीतभर तार आहे फक्त. भरलेला कंडेन्सर त्या कॉन्टॅक्टमधून एका क्षणात रिकामा होतो. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं आहे, त्या क्षणाचा करंट त्याच्या कितीतरी पट असतो. कॉन्टॅक्टच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं वेल्डिंग होतं. दोन-चार वेळा ते सुटतं, मग एकदा सुटत नाही. बाद झालेल्या रिलेचं निळं टोपण कापून बघ, काळा ठिपका दिसेल.

उपाय दोन, आणि दोन्ही कर. पहिला कोडातला : कुठल्याही वेगावरून कुठल्याही वेगावर जाताना आधी सगळे रिले सोड, पाव-अर्धा सेकंद थांब, मग हवे ते ओढ. तेवढ्या वेळात पाती मंदावत नाहीत. कवच, पाती आणि त्यांचं वजन यांना आपली गती असते, खोलीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही. दुसरा उपाय सोल्डरिंगचा : प्रत्येक कंडेन्सरच्या मालिकेत ३.३ ते ४.७ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर टाक. दोनवरून तीनवर जाताना एक भरलेला आणि एक रिकामा असे कंडेन्सर एकमेकांना भिडतात. तिथेही मध्ये वाइंडिंग नसतं, म्हणून हा रेझिस्टर हवाच. आणि प्रत्येक कंडेन्सरच्या दोन पायांवर २२० किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आडवा लाव, म्हणजे वीज गेल्यावर तीन-चार सेकंदांत तो रिकामा होईल. पाव वॅटचे लावू नकोस, त्यांना एवढे व्होल्ट सोसत नाहीत. हा रेझिस्टर पंख्यासाठी नाही, उद्या बोर्डात हात घालणाऱ्या माणसासाठी आहे.

आता तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस अशा गोष्टी.

कंडेन्सरवर '२५० व्होल्ट एसी' किंवा त्याहून जास्त छापलेलं हवं. '४०० व्होल्ट डीसी' बघून फसू नकोस, ते वेगळं. इलेक्ट्रोलायटिक तर चुकूनही नाही, तो फुटतो. सगळ्यात सोपं म्हणजे पुण्यात तपकीर गल्लीतून किंवा मुंबईत लोहार चाळीतून चांगल्या कंपनीचा चार स्टेपचा रेग्युलेटर आण आणि उघड. २.२ आणि ३.३ एकाच डबीत आयते मिळतात, बहुधा रेझिस्टरसकट. फक्त फिरतं बटण काढून त्या जागी तुझे रिले आले.

ईएसपी३२ चालू होताना ०, २, ५, १२, १५ या पिनांचं आपलंच काहीतरी चाललेलं असतं. त्यांच्यावर रिले असतील तर लाईट गेली-आली की ते टकटक वाजतील आणि पंखा एक क्षण भलत्याच वेगाला जाईल. पिना बदल. लाईट आल्यावर पंख्याने काय करायचं हेही ठरवून टाक. बंद राहायचं की आधीचा वेग धरायचा, ते ईएसपीहोम या बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत सांगता येतं. मी झोपायच्या खोलीत आधीचा वेग ठेवते आणि बाकी सगळीकडे बंद. दुपारी रिकाम्या घरात लाईट येऊन पंखे गरगरत राहिले तर काय उपयोग?

थांबलेला पंखा एकदम एकवर सुरू करू नकोस. बेअरिंग जुनं असेल तर तो जागचा हलत नाही. कोडातच लिहून टाक की शून्यावरून निघताना दोन-तीन सेकंद पूर्ण वेग, मग मागितलेला. होम असिस्टंट वेग टक्क्यांत मोजतो. तू वेगांची संख्या चार सांगितलीस की २५, ५०, ७५, १०० अशा पायऱ्या तो आपोआप पाडतो, मधलं काही मागितलं तरी यांतल्याच एका पायरीवर नेतो. 

आणि हे सगळं तू चपलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं आहेस, फोटोत दिसतंय. प्लास्टिकचा बंद डबा घे, १ अँपिअरचा फ्यूज टाक, २३० व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या तारा वेगवेगळ्या बाजूंनी ने. परीक्षक कोड बघतील. मी परीक्षक असते तर आधी डबा बघितला असता.

प्रश्न : मुलगा बंगळूरला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने सगळं घर मोबाइलवर करून दिलं. रेग्युलेटरच्या जागी आता काळ्या काचेची पट्टी आहे. सासरे ८६ वर्षांचे आहेत, त्यांना कुठे बोट लावायचं ते दिसत नाही. इंटरनेट गेलं की मोबाइलवरूनही काही होत नाही. आणि रात्री आम्ही झोपल्यावर मुलगा तिकडून पंखा कमी करतो, सकाळी म्हणतो, "आई, वाईला सोळा डिग्री दाखवत होतं." काय करावं? (निवृत्त शिक्षिका, वाई)

काकू, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विजेच्या सदरात बसत नाही. फोन करून खडसावा.

बाकीच्या दोन्हींचं उत्तर आहे. काचेची पट्टी दिसायला छान, पण अंधारात बोटाला तिच्यावर काही लागत नाही. डोळे आणि प्रकाश दोन्ही असतील तरच ती कामाची. जुन्या रेग्युलेटरची खुंटी म्हाताऱ्या माणसाला झोपेतही कळायची : टकटक वाजायची, कुठे थांबली ते हाताला समजायचं. कुठल्याही घरात हे काम घेताना माझी एक अट असते. मोबाइल, राउटर, इंटरनेट सगळं बंद असलं तरी भिंतीवरून पंखा चालू, बंद, कमी, जास्त झाला पाहिजे. हे होत नसेल तर मी काम घेत नाही.

तुमच्या वायरमनला सांगा की काचेची पट्टी काढून पूर्वीसारखा मॉड्युलर बोर्ड बसवायचा आणि कंट्रोलर त्याच्या मागे खोक्यात ठेवायचा. बोर्डावर दोन बेलची बटणं लावायची, दाबलं की आपोआप वर येणारी. एक पंखा वाढवायला, एक कमी करायला. त्यांच्या बारीक तारा कंट्रोलरच्या इनपुटला जातात. सासऱ्यांना डावं-उजवं एवढंच लक्षात ठेवायचंय. वाढवायच्या बटणावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, बोटाला खडबडीत लागेल. खुंटीच हवी असेल तर पाच जागांचा फिरता स्विचही बसवता येतो, मात्र त्याच्यातून पंख्याची वीज जात नाही, फक्त इशारा जातो. हे वायरमनला दोनदा सांगा. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्याच्यापुढे नवा कंट्रोलर जोडण्याची वाईट खोड बऱ्याच जणांना आहे. मग जुना दोनवर आणि नवा दोनवर, पंखा कसा फिरणार?

आता इंटरनेट. तुमच्या ॲपमध्ये तुम्ही बटण दाबता तेव्हा निरोप तुमच्या खोलीतून कंपनीच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्याच खोलीतल्या पंख्याकडे येतो. चार फुटांसाठी एवढा वळसा. याला पर्याय म्हणजे घरातच छोटा संगणक ठेवायचा. मुलाला 'होम असिस्टंट' हे नाव सांगा, त्याला कळेल. पाउलस शाउट्सन या गृहस्थाने २०१३ साली ते सुरू केलं. कुणालाही फुकट वापरता येतं आणि रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकावर चालतं. मग इंटरनेट गेलं तरी घरातलं वायफाय सुरू असेपर्यंत मोबाइलवरून पंखा चालतो. फक्त आधी तुमचे कंट्रोलर इंटरनेटशिवाय बोलू शकणाऱ्या जातीचे आहेत का, ते त्याला तपासायला सांगा. सगळे नसतात.

आणि मुलाची काळजी खरीच असेल तर ती नियमात घालता येते. सासऱ्यांच्या पलंगाजवळ तापमान मोजणारा लहान सेन्सर ठेवायचा. खिडकीपाशी नको, टीव्हीमागे तर नकोच. खोली २४ अंशांच्या खाली गेली की पंखा एक पायरी कमी, २६ च्या वर गेली की एक पायरी जास्त. मधले दोन अंश मोकळे सोडायचे, नाहीतर पंखा रात्रभर वर-खाली करत बसेल. दोन बदलांमध्ये पंधरा-वीस मिनिटं तरी जाऊ द्यायची. वाईत एवढं पुरेल. रत्नागिरीला किंवा पणजीला हे चालणार नाही, तिथे पावसाळ्यात २७ अंशांतही अंग चिकचिकतं आणि दमटपणाही मोजावा लागतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत तेच २७ अंश सुखाचे असतात.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा : रात्री कुणी हाताने पंखा बदलला की सकाळपर्यंत सगळी ऑटोमेशन गप्प. ज्याच्या अंगावर वारा येतोय त्याचं खरं. मग वाईला सोळा डिग्री असो नाहीतर सहा.

प्रश्न : नवीन घरात बीएलडीसी पंखे बसवले. वायरमनने ते जुन्या रेग्युलेटरलाच जोडले. रेग्युलेटर खाली आणला की पंखा अचानक थांबतो, पुन्हा सुरू होतो, बीप वाजतो. आता एका पंख्याचा रिमोटच चालत नाही. बोर्डात स्मार्ट स्विच आहे, त्याने चालू-बंद होतं, वेग बदलत नाही. (पनवेल)

आजच्या आज रेग्युलेटर काढून त्या तारा थेट जोडून घ्या.

बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या, पंख्याच्या डोक्यात एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. ते घरातली वीज आधी डीसी करतं, मग मोटारीला हव्या त्या वेगाची स्वतःची फिरती वीज तयार करून देतं. म्हणजे जे साध्या रेग्युलेटरला जमत नाही ते हर्ट्झ बदलण्याचं काम इथे होतं, आणि फिरत्या भागात कायमचे चुंबक असल्यामुळे पूर्ण वेगाला साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो तिथे हा २८ ते ३५ मध्ये भागवतो. तुम्ही बाहेरून व्होल्ट कमी केले की कार्ड ते भरून काढायला जास्त करंट ओढतं, आणखी कमी केले की माघार घेऊन बंद पडतं, व्होल्ट सावरले की परत उठतं. या उठाबशा त्याच्यासाठी वाईट. रिमोट न ऐकणाऱ्या पंख्याचं कार्ड गेलं असण्याची शक्यता दाट आहे. आधी रिमोटचे सेल बदलून आणि दुसऱ्या पंख्याचा रिमोट लावून बघा, मग वॉरंटीचा कागद काढा.

वेग ऑटोमेशनवर आणायला मार्ग तीन. पंख्यातच वायफाय असेल तर उत्तम. ॲटमबर्गसारख्या कंपनीने आपल्या वायफाय पंख्यांसाठी बाहेरच्या प्रोग्रामला बोलता येईल अशी सोय खुली ठेवली आहे, त्यामुळे होम असिस्टंटला ते पंखे जोडता येतात. वायफाय नसेल आणि रिमोट इन्फ्रारेडचा असेल तर रिमोटची नक्कल करणारं एक यंत्र भिंतीवर ठेवायचं. रिमोट रेडिओचा असेल, म्हणजे उशीखालूनही चालत असेल, तर त्या रिमोटच्याच फ्रिक्वेन्सीवर, उदाहरणार्थ ४३३ मेगाहर्ट्झवर, बोलणारं यंत्र लागतं.

नकलेची अडचण अशी की यंत्र हुकूम सोडतं, पण पंख्याने तो ऐकला का हे त्याला कळत नाही. म्हणून पंखा निवडताना दुकानात रिमोट हातात घेऊन बघा. १, २, ३, ४, ५ अशी वेगळी बटणं असतील तर घ्या, कारण '३' पाठवलं की आधी काहीही असो, पंखा तीनवरच जातो. नुसतं अधिक-उणे असेल तर ऑटोमेशनला पंखा कुठे आहे ते कधीच नक्की कळणार नाही. चालू आणि बंद एकाच बटणावर असतील तर 'रात्री दोनला बंद कर' हा हुकूम बंद पंख्याला चालूही करेल. तशा पंख्याला बंद करायचं काम तुमच्या स्मार्ट स्विचकडे द्या. एरवी तो चोवीस तास चालूच राहू दे, नाहीतर रिमोटने हाका मारल्या तरी पंख्याला वीजच नसेल.

प्रश्न : पंखा कमी वेगावर ठेवला तर बिल कमी येतं का? आमचे साहेब म्हणतात, काही फरक पडत नाही. (सोलापूर)

साहेब जुन्या ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरच्या काळातले दिसतात. त्यात तारेचं वेटोळं असायचं, वाचलेली बरीचशी वीज त्या वेटोळ्यातच तापून जायची, हात लावला तर चटका बसायचा. कंडेन्सरच्या रेग्युलेटरवर मात्र वेग कमी म्हणजे वीज खरोखर कमी. तरी बिलावर डोळा असेल तर बीएलडीसीचा हिशेब बघा : ७५ ऐवजी ३० वॅट, दिवसाला १२ तास, म्हणजे महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. ते तारे दर वॅटमागे पंखा किती हवा देतो त्यावर मिळतात, कंपनीच्या नावावर नाही.

प्रश्न : गावात लाईट सारखी जाते. इन्व्हर्टरवर स्मार्ट कंट्रोलरचा पंखा खूप गुणगुणतो, लाईट आली की गप्प. (लातूर जिल्हा)

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची लाट चौकोनी, तिच्यात वर सांगितलेले उपद्रवी घटक ठासून भरलेले, आणि कंडेन्सर तर असे घटक जास्तच मोकळेपणाने सोडतो. कंट्रोलर बदलून फायदा नाही. तूर्तास इन्व्हर्टरवर असताना पंखा पूर्ण वेगावर ठेवा, आवाज कमी होईल. इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हा साइन वेव्हचाच, म्हणजे गोल लाटेचाच, घ्या, फ्रिजसाठीही तोच बरा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथला पंखा साखळी ओढून चालतो, त्यात दिवाही आहे, आणि बटणापाशी न्यूट्रल नाही. भारतातून पंखा आणि स्मार्ट रेग्युलेटर आणला तर चालेल का?

नाही. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपला २३० चा इंडक्शन पंखा तिथे कण्हत फिरेल आणि आपल्या कंडेन्सरच्या पायऱ्याही तिथे जुळणार नाहीत. तिथल्या पंख्याचे तीन वेग साखळीच्या स्विचमध्येच असतात. साखळी ओढून पंखा सर्वांत वरच्या वेगाला ठेवा, आणि मग भिंतीवर पंख्यासाठीचाच कंट्रोल लावा. लुट्रॉन कंपनीच्या कसेटा मालिकेतला फॅन कंट्रोल चार वेग देतो आणि न्यूट्रलवाचून चालतो. मात्र तुमच्या बटणावरून दिवा आणि पंखा एकाच तारेने जात असतील तर हा कंट्रोल चालणार नाही. मग पंख्याच्या वरच्या वाटीत बसणारा, दिवा आणि पंखा वेगळे सांभाळणारा रिसीव्हर लागेल. २०११ च्या तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या वायरिंगच्या नियमावलीपासून बटणाच्या खोक्यात न्यूट्रल आणणं सर्वसाधारणपणे बंधनकारक झालं, तुमचं घर त्याआधीचं असावं. तारांचं काम तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि थंडीत पंखा उलटा फिरवायचं जे छोटं बटण पंख्याच्या पोटावर असतं, ते पाती पूर्ण थांबल्यावरच सरकवा.